ळ पासून सुरू होणारा शब्द

दादूसच्या टेम्पोत कपाट, गादी, मिक्सर आणि मी, एवढं सगळं एकाच खेपेत मावलं. गव्हाणहून नवीन पनवेलला जायला असा किती वेळ लागतो? तरी आय दारात अशी उभी होती, जणू मी बोटीवर चढतेय. दादूस म्हणजे माझा मोठा भाऊ. तो वैतागून म्हणाला, "दोन गावां सोरून तर चाललीय." आयनं सुकटीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "तिथं भाजू नको गो बाय, लोकां नाकां मुरडतील." मग दिलीस कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिचा चेहरा बघून डबा घट्ट धरला.

तुमच्यापैकी जे दुबईला, पुण्याला गेलात ते हसाल. हे काय स्थलांतर! मनात आणलं तर दुपारच्या जेवणाला परत जाता येतं. पण खरं सांगते, मी तुमच्याइतकीच लांब आले. फक्त माझं अंतर जिभेवरून मोजावं लागेल.

आमच्याकडे ळ नाही. डोळ्याला डोला म्हणतात, सगळ्याला सगला. ण सुद्धा नाही, आणि लुगड्याचा लुगरा होतो. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात हे सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. मग मी कंबर कसली. दिसेल तिथे ळ लावायला लागले. एकदा भर मीटिंगमध्ये म्हणाले, "मी सगळ्यांना मेळ पाठवते." मेल हो, ई-मेल! पुढे कितीतरी दिवस मला बघितलं की कोणीतरी विचारायचं, "काय, आज मेळ आहे का?" मी पण हसायचे. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून 'मेल, मेल, मेल' घोकायचे.

शेवटी जीभ वळली. इतकी छान वळली की पुण्यातल्या बाईनं विचारावं, तुम्ही सदाशिव पेठेतल्या का. आणि त्याच मस्तीत मी एक वाईट गोष्ट केली. आय पहिल्यांदा माझ्या फ्लॅटवर राहायला आली होती. चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या, तर आय लगबगीनं उठून म्हणाली, "बसा, पानी देते." मी हसत, अगदी लाडात म्हटल्यासारखं म्हटलं, "पाणी गं, आई. पाणी." गावी मी तिला आय म्हणते. त्या दिवशी तेही बदललं होतं. ती हसली आणि आत गेली. त्यानंतर माझ्या घरात तिचं बोलणंच संपलं. यायची, भाकऱ्या थापायची, विचारलं तर "हो" म्हणायची, "नको" म्हणायची. घंटी वाजली की स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. गावी हीच बाई पार नाक्यापर्यंत ऐकू जाते. मी माफी मागितली असती, पण मागायची तरी कोणत्या भाषेत?

आणि मला स्वस्थ बसवेना. घरात सोफा या भिंतीवरून त्या भिंतीला नेला, परत आणला. योगाचा क्लास लावला, सोडला. भरतकामाचं सामान आणलं, ते अजून पिशवीत आहे. काहीतरी विसरून निघालेय असं सतत वाटायचं, आणि काय ते आठवायचं नाही. अशातच एका सकाळी ऑफिसला निघायच्या आधी फोनवरच ब्लॉग काढला. शाळेत शब्दांच्या भेंड्या खेळायचो ना, तसं. रोज एक शब्द. काल ज्या अक्षरावर संपला त्यावरून आजचा. त्या शब्दावर गावचं जे आठवेल ते लिहायचं, शंभर-दीडशे शब्दांत. नियम मीच ऐटीत जाहीर केले. सुट्टी नाही, खाडाखोड नाही, ळ आला की ल चालवून घ्यायची लहान मुलांची सवलत तर मुळीच नाही.

खाडी. डबा. बस. सामान. पाचव्या दिवशी गावचं सोडून नवीन घराच्या कौतुकात भरभरून लिहिलं आणि शब्द टाकला, नळ.

पोस्ट टाकल्यावर बसस्टॉपवर उभी असताना डोक्यात प्रकाश पडला. ळ पासून सुरू होणारा एकही शब्द मराठीत नाही. ज्याच्यामुळे आयुष्यभर तोंडघशी पडले त्या अक्षरानं मला इथंही गाठलं! दुसऱ्या दिवशी सकाळी वाचणाऱ्यांनी, म्हणजे चुलतभावंडं आणि ऑफिसातल्या चौघांनी, मजा बघायला सुरुवात केली. बसस्टॉपवरून मी आयला फोन लावला. का लावला, माहीत नाही. खेळ समजावून सांगितला, अडले कुठे ते सांगितलं. ती आधी म्हणाली, "मना काय इचारतेस? माजा चुकंल." मी म्हटलं, चुकू दे. मग म्हणाली, "नल ना? मग लगीन लिव की. त्यान काय हाय येवढा?"

तिला काही अडलंच नव्हतं. तिच्या तोंडात नळ हा नलच होता, आणि ल वरून साखळी सरसर पुढे जात होती. लगीन, नारल, लोनचा, चूल, लुगरा. ती सांगत गेली, प्रत्येकामागे एक भांडण, एक माणूस, एक हसू. माझी बस गेली. दुसरीही गेली.

'लगीन' टाकताना वर लिहिलं, 'माझी आय नळाला नल म्हणते. मीही म्हणायचे. इथून पुढची साखळी तिच्या उच्चारांवर चालेल.' ऑफिसातल्या एकीनं शुद्धलेखनाचा नियम पाठवला. दुबईच्या चुलतभावानं लिहिलं, "ताई, सगला मोठ्यानं वाचला."

रविवारी आय आली. मी अख्खी पोस्ट आमच्या बोलीत लिहिली होती, ती तिला वाचून दाखवायला बसले, तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या. आय उठायला लागली. मी तिचा हात धरून वाचत राहिले. दुसऱ्याच ओळीला तिनं मला थांबवलं.

"मला नाय गो, मना. मना म्हन."

मी म्हटलं, "मना."

"असा नाय. शिकल्यासारका बोलतेस." आणि ती काकूंकडे वळली, "बगा, सगला इसरली ही." मग काकूंना लुगऱ्याची गोष्ट सांगायला लागली, खणखणीत आवाजात, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या.

मी खरंच विसरले आहे. गव्हाणला परत गेले तरी आता मी पाहुणीसारखीच बोलेन, आणि याचं मला फार वाईट वाटतं. घर म्हणजे काय, असं विचाराल तर मला एवढंच सांगता येतं: माझ्या हॉलमध्ये, परक्या माणसासमोर बसून, आय माझ्या चुका काढते.