आईच्या मशीनची मोटर

आई घरी ब्लाउज शिवून द्यायची. आम्ही डोंबिवलीला राहायला आलो त्याच वर्षी ती विहिरीपाशी घसरली आणि तिचा उजवा गुडघा कायमचा आखडला. पायमशीन चालवणं संपलं. मग मामाने कुठून तरी एक जुनी, छोटी मोटर आणून मशीनला बसवून दिली. डाव्या पायाने नुसतं दाबलं की सुई धावायची.

एका उन्हाळ्यात ती मोटर फिरायचीच थांबली. मशीनचं तेल संपलं म्हणून आईने खोबरेल घातलं होतं, ते आत सुकून डिंकासारखं झालं होतं. मी मोटर पिशवीत घालून ठाण्याला पंखे दुरुस्त करणाऱ्याकडे नेली.

"शाफ्ट बुशमध्ये धरलाय," मोटरचा दांडा ज्या पितळी कडीत फिरतो तिकडे बोट दाखवत तो म्हणाला. "जोरात ठोकलात तर टोक पसरेल, मग कधीच निघायचा नाही. दुसरी बघा."

घरी येऊन मी आईला म्हटलं, "अडकलेला शाफ्ट मी काढणार."

"तुला येतं?"

"नाही. पण आत गेलाय तर बाहेरही येईल."

पुली काढली, स्क्रू काढले. मागचं झाकण सुटलं. पुढच्या झाकणात मात्र शाफ्ट रुतून बसलेला. रॉकेलचे थेंब सोडून रात्रभर ठेवला. सकाळी तसाच. बाहेरच्या टोकावर गंज होता, तो काचपेपरने घासून काढला, पुन्हा रॉकेल सोडलं. दुपारपर्यंत बोटं काळी झाली, दोन नखं तुटली. वडील म्हणाले, "सोड आता." मी पुन्हा काचपेपर उचलला.

आई खाटेवरून बघत होती. "अगं, डब्याचं झाकण घट्ट बसलं की आपण काय करतो? शेकतो ना?"

मी रॉकेल कोरडं पुसलं, झाकण दोन विटांवर ठेवलं, खाली गोधडीची घडी. आईने कोळशाची इस्त्री पेटवली आणि आखडल्या पायावर उभी राहून तिचं टोक बुशला लावून धरलं. झाकण चांगलं तापल्यावर मी शाफ्टवर लाकडाचा ठोकळा धरून बत्त्याने हलकेच ठोकू लागले. हलेना. पुन्हा शेकलं, पुन्हा ठोकलं. किती वेळा, आठवत नाही. आईच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तरी इस्त्री हलली नाही.

एकदम ठोक्याचा आवाज बदलला. शाफ्ट केसभर सरकला, मग बोटभर, आणि गोधडीवर पडला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

साफ करून, मशीनचं तेल घालून मोटर जोडण्यात दुसरा दिवस गेला. ती फिरली, पण घरघरत.

"आवाज करतेय," मी म्हटलं.

"करू दे," आई म्हणाली आणि अर्धी राहिलेली बाही सुईखाली सरकवली.