अर्धी दाढी

वणीतल्या आमच्या न्हाव्याचं तोंड वस्तऱ्यापेक्षा जोरात चालतं. टीव्हीवरच्या कप्तानाला तो घरच्या पोरासारखं झापतो, "अबे, बॅटनं माश्या हाकलून राह्यला का?"

फायनलच्या दिवशी माझा डावा गाल झाला आणि आपला डाव सावरला. त्यानं लगेच वस्तरा खाली ठेवला.

"भाऊ, हलू नका. तुमची दाढी अर्धी हाये तोवर विकेट पडत नाही."

"अरे, मले मेव्हणीच्या साक्षगंधाले जायचं हाये!"

"कायले घाई करता? ते तर होणारच हाये. फायनलचं सांगता येते का?"

रांगेतल्या चौघांनी माझी खुर्ची धरून ठेवली. आपण जिंकलो, पण नाचणारा न्हावी काही हाती लागेना. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत मी डावीकडूनच आहे.

बायको अजून त्या न्हाव्याचा विषय काढू देत नाही. पुढच्या मॅचला मात्र मी घरूनच अर्धी दाढी करून निघालो.