मुठीतल्या मुंग्या

चार मोटारसायकलींचा आमचा ताफा, आणि पुढारी मी. मी धरीन तो वेग. थांब्यावर जो शेवटी पोचेल त्यानं सगळ्यांची हेल्मेटं पुसायची, हा नियमही माझाच. चाळिशी उलटलेल्या बाप्यांना असले नियम कशाला हवे होते, ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

पालीचा माझा मित्र त्या दिवशी पहिल्यांदाच सोबत आला. घरच्या सहा म्हशींच्या धारा तो एकटाच काढायचा. दुसऱ्याचा हात त्या लागू देत नसत. पहाटे धारा उरकून तो तसाच निघाला होता. हादरे बसू नयेत म्हणून गाडीच्या मुठींवर त्यानं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. मुठी मऊ झाल्या खऱ्या, पण एवढ्या जाड की त्या धरून ठेवण्यातच हात शिणावा. मला ते दिसलं होतं. मी फक्त चेष्टा केली.

गेवराईला चहाला थांबलो तर तो शेवटी आला आणि निमूट आमची हेल्मेटं पुसायला बसला. पुसता पुसता फडकं दोनदा हातातून गळलं.

“हाताला लई मुंग्या आल्यात बे,” तो मला म्हणाला. “जरा हळू घे.”

सहा म्हशी पिळणाऱ्यानं असं नाजूक बोलू नये, असं मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. त्याच्या त्या हसण्याची मला अजून चीड येते, आणि माझी त्याहून जास्त.

उमापूरच्या रस्त्याला लागल्यावर मी मुद्दाम वेग वाढवला. आरशात तो मागे पडायचा आणि पुन्हा जीव खाऊन जवळ यायचा. एका वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. आम्ही चौघे बाजूनं निघून गेलो. त्यालाही ती दिसली होती, बोटंही ब्रेकवर होती, पण ती आवळलीच नाहीत, असं तो नंतर दवाखान्यात म्हणाला. उजवा हात हँडल आणि ट्रॉलीच्या मधे सापडला. त्यानं कुणालाच बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

त्या हाताची तीन बोटं आता मिटत नाहीत. चार म्हशी विकाव्या लागल्या. राहिलेल्या दोघींसाठी मी रोज सकाळी पालीला जातो.

पहिल्या दिवशी मी भराभर सड ओढायला लागलो तशी म्हैस पाय झाडू लागली. तो तिच्या पाठीवर डावा हात ठेवून उभा राहिला.

“हळू बे. घाई केली की पान्हा चोरती ती.”

मी हळू घेतलं. अर्धी बादली होईस्तोवर बोटांत कळ आली, मग बोटं बधिर झाली. मी हात झटकला.

“मुंग्या आल्या का?” त्यानं विचारलं.

मी पुन्हा सडाला हात घातला.

“थांब मग जरा. तिला काय घाई न्हाई.”