पोटातल्या तारा आणि नर्सबाई

आमच्या इब्रामपूरच्या नर्सबाईंना हळू बोलता येत नसे. उपकेंद्रात एखादीच्या कानाशी लागून त्यांनी कुटुंबनियोजनाचं सांगायला घेतलं, की समोरच्या दुकानात पाव घ्यायला आलेल्यांचंही शिक्षण होई. पुरुषांनाही त्या सोडत नसत. मला दुसरी मुलगी झाल्यावर त्यांनी आमच्या ह्यांना भर बसस्टॉपवर गाठलं आणि म्हणाल्या, "तुजा काम धा मिनटांचा. तिचा पोट कित्याक फाडूचा?" पेडण्याला निघालेले हे समोर आली त्या बसमध्ये चढले आणि भलतीकडेच पोचले.

पुढे आम्ही नोकरीसाठी इंग्लंडला गेलो. तिथे कळलं, की पोट न फाडताही कायमचा बंदोबस्त होतो. खालूनच दोन्ही गर्भनलिकांत स्प्रिंगसारख्या बारीक तारा बसवतात आणि तीनेक महिन्यांत नलिका बुजतात. चीर नाही, टाका नाही. मी दुपारी घरी आले, तिसऱ्या दिवशी कामावर गेले. तीन महिने दुसरं साधन वापरलं, मग तपासणीत सगळं नीट निघालं. मोठ्या तोऱ्यात नर्सबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, त्रास झाला तर तारा काढता येतात का? ते मी विचारलंच नव्हतं.

माझ्याबरोबर कामाला असलेल्या डिचोलीच्या एकीनं हेच करून घेतलं होतं. तिला आजवर काही झालेलं नाही. मला मात्र वर्षभरात ओटीपोटात कळा येऊ लागल्या, अंगावरून फार जाऊ लागलं, हातापायांवर पुरळ उठलं. तारा जागेवर आहेत, असं डॉक्टर सांगत. गावी परतल्यावर सासूबाईंनी दृष्ट काढली. हे म्हणाले, तू फार विचार करतेस. हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं.

नर्सबाईंनी मात्र मध्ये एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतलं. मग माझा कान धरून बघितला.

"खोटी कानातली घातलंस तर कान पिकतत काय गो तुजे?"

पिकत; अगदी लहानपणापासून. पण तारा बसवताना हे ना कुणी विचारलं, ना मी सांगितलं.

"मी काय डॉक्टर न्हय. तारांमुळेच आसा, असा म्हणूचंय नाय. पण तुका दुखता म्हणजे दुखता."

रजा टाकून त्या मला तज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, खोट्या दागिन्यांतला धातू तारांतही असतो, तो सोसत नसावा, पण खात्री देता येत नाही. आणि तारा काढायच्या तर शस्त्रक्रिया करून नलिकांसकट काढाव्या लागतील. जे टाळायला गेले होते तेच करावं लागलं, तेही जास्तच. पुरळ दोन महिन्यांत गेलं. कळा कमी होत होत थांबल्या.

शस्त्रक्रियेनंतर नर्सबाई दवाखान्यात पेज घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांचे आभार मानू लागले. त्यांनी थांबवलं आणि एक जुनी गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी धारगळची एक बाई ऑपरेशननंतर दुखतं म्हणून आली होती. तिला त्यांनी मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं होतं. आत पू झाला होता. बाई मरता मरता वाचली.

गेल्या वर्षी नर्सबाई निवृत्त झाल्या. वाळपईला मुलाकडे जाण्याआधी मला सोबतीला घेऊन त्या धारगळला त्या बाईच्या घरी गेल्या. अंगणात उभ्या राहूनच म्हणाल्या, "तेव्हा मी तुजा ऐकूक नाय. चुकलंय."

बाई आत वळली. मग तिनं आतून खुर्ची आणून ठेवली.

"चाय करतंय," ती म्हणाली. "बसा."