जिजा थूल आणि पांढऱ्या सदऱ्याची खाज

वडनेरच्या जिजा थूलकडे लोक अंगावर उठलेलं काहीही दाखवायला येत. ती वैदू नव्हती आणि सुईणही नव्हती. तिला फक्त चौकशा करायची खोड होती. औषध सांगण्याआधी ती इतकं विचारी, की उत्तरं देता देता माणूस खाजवायचं विसरे.

"कोठून सुरू झालं? कोण्या कुशीवर झोपतं तू? काल काय खाल्लं, खरं सांगजो."

लग्नाच्या वयाच्या पोरींच्या गालांवर मुरूम आले, की त्यांच्या आया त्यांना पदराआड घेऊन येत. जणू चोरीचा माल. जिजा जायफळ दुधात उगाळून द्यायची, डोक्यावर चोपडलेलं तेल कमी करायला लावायची आणि वर दम भरायची, "नखं लावशीन तं हात बांधून ठेवीन." नायट्याला ताकात वाटलेलं तरोट्याचं बी. पित्त उठलं तर गेरू आणि वरून घोंगडी. खरजेला करंजाचं तेल, पण त्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या उकळत्या पाण्यात. ही शेवटची अट ऐकून बरेच जण खरूज परवडली म्हणत घरी जात.

या सगळ्या धंद्यात तिची एक भागीदारीण होती. वस्तीच्या टोकाला निंबाखाली मरीमायचा शेंदरी दगड होता. निंबाचा पाला तोडायचा तर आधी मायचं नाव घ्यायचं, असा रिवाज. पाल्याच्या पाण्यानं पुरळ बसली तर मायनं बसवली, आणि नाही बसली तर जिजानं बिघडवली. या वाटणीबद्दल जिजाची तक्रार नव्हती. नवल मात्र होतं.

छप्पनच्या दसऱ्याला वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि देव गेले. मरीमायचा दगड जिजाच्या नवऱ्यानं, तानबानं, खांद्यावर नेऊन नाल्याच्या डोहात सोडला. तानबाची आई आनंदाबाई जन्मभर त्या दगडाला शेंदूर लावत आली होती. ती नागपूरला गेली होती, बावीस प्रतिज्ञा तिनं सगळ्यांबरोबर म्हटल्या होत्या, पण दगड गेला त्या दिवशी ती जेवली नाही.

"आता निंब तोडताना नाव नाई घ्याचं," जिजा तानबाला म्हणाली. "निंब एकटा काम करते का मायच्या भरवशावर करते, ते समजन एकदाचं."

"घरात बुढी रडून राह्यली अन् तुले हे सुचून राह्यलं," तानबा म्हणाला. पण विचार त्याच्याही डोक्यात आला असावा, कारण तो तिच्याकडे बघत नव्हता.

उत्तर लवकरच मिळालं, आणि ते जिजाच्या विरुद्ध गेलं. दिवाळीच्या सुमारास वस्तीत पुरळ उठली. लाल, दाणेदार, कडेला पाणी धरलेली, आणि खाज अशी की पंचशील म्हणायला बसलेली माणसं मध्येच मान घासत. जिजानं निंबाचा पाला उकळून दिला. लोक रोज संध्याकाळी त्या पाण्यानं अंघोळ करत, धुतलेले पांढरे कपडे घालत आणि वंदनेला बसत. पुरळ वाढत गेली. जो सगळ्यांत नेमानं वंदनेला येई त्याला सगळ्यांत जास्त.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. मरीमाय कोपली. पाटलाच्या ओसरीवर हे ऐकून बऱ्याच जणांना हुरूप आला.

आनंदाबाईच्या डाव्या कमरेवर पुरळ आली तेव्हा तिनं निकाल देऊन टाकला. "येत्या मंगळवारी मी डोहात उतरतो अन् मायले घरी आणतो. कोणी आडवं येऊ नका."

दोन घरं आधीच तिच्या बाजूला झाली होती. दगड परत आला तर पहिल्याच खाजेला वस्तीची प्रतिज्ञा मोडली, असं सगळ्या तालुक्यात झालं असतं, आणि दगड सोडणारा म्हणून नाव तानबाचं निघालं असतं.

"आत्याबाई, मंगळवारपर्यंत मले पाहू द्या," जिजा म्हणाली.

"तुले काय पाहाचं हाय? तुले तं एक दाणा नाई आला."

"तेच तं पाहाचं हाय. मले काऊन नाई आला?"

"तुह्यासाठी मायनं मोठं कायतरी ठेवलं असन," सासूनं समजूत घातली.

जिजा कापूस वेचता वेचता विचार करत राहिली. गडीमाणसांना पुरळ मानेवर होती. बायकांना कमरेवर. देवीचे फोड तिनं पाहिले होते. ते तोंडापासून सुरू होतात आणि बाई की गडी ते बघत नाहीत. कोपलेल्या मायनं पुरुषांची मान धरावी आणि बायकांची कमर, हा शिष्टाचार तिला पटेना.

संध्याकाळी पुनाजी आला. वस्तीतला सगळ्यांत वडीलधारा.

"मामाजी, सदरा काढा."

"आँ?"

"काढा म्हणतो. मानेचं पाहाचं हाय."

पुनाजीनं लाजत सदरा काढून तिच्या हातात दिला. गळपट्टीच्या आत मधोमध एक काळा ठिपका होता. सदरा धरून मानेला लावला, तर ठिपका थेट पुरळीच्या पोटात जाऊन बसला.

"हे काय हाय?"

"कवडूनं खूण केली. सारे सदरे सारखेच ना."

ते खरंच होतं. एकाच दुकानाचं कापड, एकच शिंपी, आणि नाल्यावर सगळ्यांचे कपडे एकाच पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काटक्यांवर वाळत. कोण कोणाचा सदरा घालून निर्वाणाकडे निघालाय हे कळेनासं झालं. तेव्हा हिंगणघाटच्या गिरणीत कामाला असलेल्या कवडूनं तोडगा काढला. गावचा वरठी, म्हणजे धोबी, वस्तीचे कपडे धूत नसे. पण खुणा कशा करतो ते लांबून दिसे. कवडूनं बिब्बे फोडले, त्यांच्या न धुपणाऱ्या काळ्या तेलात सुई बुडवली आणि खुणा केल्या. सदऱ्याला गळपट्टीत, लुगड्याला कमरेत खोचायच्या टोकाला. त्या दिवशी जिजा बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. तिनं आपल्या लुगड्याला नंतर लाल धाग्याची गाठ मारली होती.

कवडूला बोलावलं.

"बिबा उतला हा, कवडू."

"काहीतरीच, वहिनी! ओला बिबा उतते. वाळलेला कसा उतन? अन् मी तं हातानं फोडले. हे पाहा, हायेत का दाणे?"

त्याचे हात स्वच्छ होते. ओला बिब्बा लागला की अंग उततं, फोड येतात, हे लहान पोरालाही ठाऊक. वाळून काळा झालेला ठिपका कोणाच्याच हिशेबात नव्हता. जिजा गोंधळली, आणि गोंधळली की तिला बरं वाटे. तिनं पुनाजीचा सदरा मागून घेतला. पुनाजी उघड्या अंगानं घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ती त्या सदऱ्याची गळपट्टी डाव्या दंडावर बांधून कापूस वेचायला गेली. सदऱ्याचा खालचा कोरा काठ फाडून तो उजव्या दंडावर बांधला. (पुनाजीला हे नंतर समजलं.) घाम आला, कापड ओलं झालं, वाळलं, पुन्हा ओलं झालं. रात्री सोडलं तर काहीच नव्हतं. तिनं पुन्हा बांधलं. सोमवारी पहाटे डावा दंड आगीसारखा खाजत होता. उजवा लोण्यासारखा गोरापान नव्हता, पण होता तसा होता.

अंगावर पुरळ आली म्हणून आनंदानं हाका मारणारी बाई वडनेरनं पहिल्यांदाच पाहिली.

"आत्याबाई, पाहा, पाहा! आली!"

"मी म्हटलं नव्हतं? मायनं ठेवलं व्हतं तुह्यासाठी."

"बरं. मग मायले डावा हातच कसा समजला वं?"

आनंदाबाईनं तिचे दोन्ही दंड पाहिले. मग पाठ फिरवून आपल्या लुगड्याचं खोचलेलं टोक बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि त्यावरचा काळा ठिपका निरखला. शेवटी म्हणाली, "हातपाय धू. लई खाजवू नको."

नाल्यावर जिजानं वरच्या अंगाला कपडे आपटणाऱ्या वरठ्याच्या बायकोला, विमलाबाईला, हाक मारली. यांचे कपडे धुणं तिच्या धर्मात बसत नव्हतं. सल्ला बसत होता.

"चुना लावलता का वं खुणेवर?" विमलाबाई ओरडली.

"नाई."

"मंग उतनच! चुना दाबून, दोनदा खळबळून धुतल्याबिगर आम्ही कोणाच्या अंगावर नाई घालू देत. तरी बी एखाद्याले उततेच, अन् एखाद्याच्या हातावर ओतला तरी काई होत नाई."

वस्तीनं ठिपके कापून काढले आणि त्या जागी लाल धागा घातला. पुरळीला नवे तीळ वाटून लोण्यात कालवलेले, आणि खाज शमायला निंबाचं पाणी. कवडूनं पुनाजीला सदऱ्याचा काठ शिवून दिला, फार वेडावाकडा.

मंगळवार उजाडला. आनंदाबाई अंघोळ करून नाल्याच्या वाटेनं निघाली. तानबाचं तोंड उतरलं. जिजा मागे मागे गेली. अडवायला नव्हे, काय होतं ते बघायला.

आनंदाबाई डोहापर्यंत गेलीच नाही. निंबाखाली थांबली. जिथं दगड होता तिथं आता नुसती शेंदराची लाल माती होती. सवयीनं तिचे हात जोडले गेले, मग ते तिचे तिनंच सोडवले. डहाळी धरली. ओठ हलले, पण मायचं नाव येईना. ती वर झाडाकडे बघत राहिली.

"पाला नेतो बापा थोडासा," ती निंबालाच म्हणाली. "कमर खाजून राह्यली."

आणि डहाळी तोडली.

घरी येऊन तिनं पाला जिजापुढे टाकला. "उकळ. अन् आता पाह्यजो, एकटा करते का नाई काम."

कमर बरी झाली. तिळानं की निंबानं, की नुसता ठिपका गेल्यानं, हे जिजाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि त्याची रुखरुख तिला म्हातारपणीही होती. त्यासाठी पुन्हा एकदा पुरळ यायला हवी होती, असं ती म्हणे. तयार मात्र कोणीच होत नसे.