दहापैकी तीन

माझी मावशी शाळेत भाषा शिकवते. चौतीस वर्षांत तिने इतके निबंध तपासलेत की लाल पेन हाताशी नसलं तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं. दुकानाच्या पाट्या, बँकेची पत्रं, डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्या तावडीतून काही सुटत नाही. स्वतःच्या मनाने मात्र तिने कधी चार ओळी लिहिलेल्या नाहीत.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे. हृदयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाले तेव्हा तिला म्हणाले, "अगं, जन्मभर लोकांचे आकडे वाचले. मला एक पत्र लिही. गुरुवारी आत नेतील, त्याआधी वाचायला मिळू दे."

मावशी हो म्हणाली आणि तीन दिवस कोऱ्या कागदाकडे बघत बसली. मग मला बोलावलं, कारण लिहिताना अडलेल्यांसाठी मी शिबिरं घेतो. मी स्वतः चार वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही, पण त्यावाचून शिकवणं काही अडत नाही.

पहिला व्यायाम सोपा होता: दहा मिनिटं पेन न उचलता लिहायचं. मावशीने दुसऱ्याच मिनिटाला पेन ठेवलं, लाल पेन घेतलं आणि पहिलं वाक्य खोडलं. मग म्हटलं, समोर दिसेल त्या वस्तूचं वर्णन कर. तिने काकांच्या चपलांवर प्रस्तावना, मुद्दे आणि समारोपासह पानभर मजकूर लिहिला. त्यात काकांचा पत्ताच नव्हता.

"असले चाळे करून कुणाला लिहिता येतं का रे?" ती वैतागली. बुधवारची दुपार झाली होती आणि आता मलाही घाम फुटला होता.

"मावशी, दुसऱ्या कुणासारखं लिहून बघ. वर्गात सगळ्यात वाईट निबंध कोण लिहितं?"

"आहे एक. दोनदा नापास झालीये," मावशी म्हणाली आणि चक्क हसली. मग त्या मुलीच्या थाटात, मान खाली घालून, एका दमात लिहून मोकळी झाली:

"हे चांगले आहेत. हे चहा चांगला करतात. मी ओरडते तेव्हा हे ऐकून घेतात. हे घरी नाहीत तर मला भीती वाटते. मी दोनदा उठून कडी बघते. हे घरी यावेत. हे चांगले आहेत."

मी तिच्या खांद्यावरून वाचलं. माझ्या शिबिरांतून असं काही कधी निघालं नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला हेवाच वाटला. तेवढ्यात मावशीचा हात सवयीने चाललाच. खाली लाल अक्षरांत शेरा: "पुनरुक्ती फार. दहापैकी तीन. पुन्हा लिहा." नवीन कागद घ्यायला वेळ नव्हता, दवाखान्यातली भेटीची वेळ संपत आली होती.

काकांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. मावशी कॉटच्या कडेला टेकली आणि तिला रडू आवरेना.

"शेरा बरोबर आहे," काका म्हणाले. "पुन्हा लिही. शुक्रवारी वाचतो."