साळिंदर कंडक्टर

कुठलंही खेळणं हातात आलं की भाऊ ते आधी उलटं करायचे. चेहरा नंतर. तळपायावर साच्याचा नंबर असतो, बनवणाऱ्याची खूण असते, कधी एखादं बारीक टिंब असतं, आणि त्या टिंबावरूनही त्यांना बरंच काही कळायचं. "चेहरा काय, कुणीही करतो हो," ते म्हणायचे. "पायाखाली बघा."

तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल. कुणी तिकिटं जमवतो, कुणी जुन्या काड्यापेट्या. अशांना आपण कौतुकाने छंदिष्ट म्हणतो. भाऊ कार्टून सिनेमातली खेळणी जमवायचे आणि त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, म्हणून त्यांना लोक मागून येडा म्हणायचे. मी त्यांच्यासमोर बसून अकरा वर्षं डबा खाल्ला. मागून म्हणणाऱ्यांना मी कधी अडवलं नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

अंबडला आमचा प्लॅस्टिकचे सुटे भाग काढायचा कारखाना. भाऊ तपासणीला, मी स्टोअरला. दिवसभर बटणं आणि झाकणं मोजमापाला लावायची, आणि जेवणाच्या सुट्टीत पिशवीतून एखादा प्लॅस्टिकचा बेडूक काढून तोही त्याच व्हर्नियरने, म्हणजे मिलिमीटरचे भाग दाखवणाऱ्या मोजपट्टीने, मोजायचा, असा त्यांचा दिवस. बेडूक मोजताना चेहरा जास्त गंभीर असायचा.

त्यांच्याकडे बरीच खेळणी होती, पण जीव एकाच संचात अडकला होता. एक कार्टून सिनेमा आला होता, मोडक्या एसटीतून सहलीला निघालेल्या प्राण्यांचा. तो आला कधी आणि गेला कधी, कुणाला कळलंही नाही. पण त्यातले प्राणी दुधात घालायच्या कसल्याशा पावडरीच्या डब्याबरोबर मिळायचे. एकूण बारा. भाऊंकडे अकरा होते. ड्रायव्हर पाणघोडा होता, खिडकीशी बसलेली घोरपड होती, टपावरची माकडं होती. कंडक्टर नव्हता. कंडक्टर म्हणजे साळिंदर, गळ्यात तिकिटाची पेटी, पाठीवर काटे.

"तो कमी का निघाला ठाऊक आहे का?" त्यांनी मला एकदा पोळीचा घास हातात धरून विचारलं. "काटे. साच्यातून बाहेर पडताना मोडत असणार. शंभरातले साठ फेकून दिले असतील. शेवटी कंटाळून साचाच बंद केला असणार. मी तिथे तपासणीला असतो ना, तर मीही बंद करा म्हटलं असतं." हे सांगताना त्यांना त्या न पाहिलेल्या कारखान्याबद्दल फार सहानुभूती वाटत होती.

त्या साळिंदरापायी त्यांनी काय काय सोसलं. फोनवर मागवायचे, फोटो साळिंदराचा असायचा आणि खोक्यातून ड्रायव्हर पाणघोडा निघायचा. असे तीन पाणघोडे झाले. एकदा येवल्याच्या एका दुकानदाराने "आहे, काटेवाला आहे, या" म्हणून सांगितलं. भाऊ रजा टाकून एसटीने गेले. तो बाटल्या घासायचा ब्रश निघाला, वर दोन डोळे चिकटवलेले. दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून भाऊंनी तो विकत घेतला आणि वहिनींना दिला. तो पुढे बरीच वर्षं त्यांच्या मोरीत होता.

एकदा खरंच एक साळिंदर आलं. हुबेहूब. मी म्हटलं, झालं, सुटलात. भाऊंनी ते उलटं केलं, मग व्हर्नियर लावला आणि खाली ठेवलं. "नकली. दीड मिलिमीटर कमी भरतंय." खऱ्या खेळण्यावरून साचा घेतला की त्यातून निघालेलं प्लॅस्टिक थंड होताना आक्रसतं, म्हणून नक्कल नेहमी लहान भरते, हे त्यांनी मला तेव्हा समजावलं. दुसरा कुणी असता तर दीड मिलिमीटर पोटात घातला असता. त्यांनी ते परत पाठवलं.

फोनवरच्या जमवणाऱ्यांच्या गटात कुणीतरी लिहिलं, 'माझ्याकडे दोन कंडक्टर आहेत, देणार नाही.' भाऊ तेवढंच वाक्य दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचत होते. मला राग आला, पण त्यांना नाही. "तयार झालंय म्हणजे कुठेतरी असणारच," ते म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

आणि हे सगळं कशासाठी, असं विचारलं की उत्तर दोनच शब्दांचं. "आवडतं म्हणून."

हे उत्तर कुणाला पुरत नसे. मलाही पुरत नसे. रोज संध्याकाळी क्वार्टर मारणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही, पण एका बाप्याने प्लॅस्टिकची घोरपड जपली की त्यामागे काहीतरी असलंच पाहिजे असं आपल्याला वाटतं.

मग आमच्याकडे नवे मोठे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात ते कँटीनमध्ये डोकावले तेव्हा भाऊ टेबलावर पाणघोडा ठेवून त्याच्या हातातल्या स्टिअरिंगवरचा रंग भिंगातून बघत होते. साहेबांनी मला बाहेर बोलावलं.

"हे गृहस्थ रोज असंच करतात?"

"हो साहेब."

"आणि तुम्ही रोज त्यांच्याबरोबर बसता?"

त्या दुसऱ्या प्रश्नाने माझी जीभ घसरली. भाऊंना वाचवायला मी खोटं बोललो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खरं नाही. एका येड्याचा दोस्त म्हणून माझी नोंद होऊ नये, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात होतं. मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "साहेब, त्यांचं एक मूल गेलंय. लहान होतं. तेव्हापासून हे असं."

साहेबांचा चेहराच बदलला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही त्यांना सोबत करता, हे चांगलं करता," असं म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

भाऊंना मूलबाळ नव्हतं. कधीच झालं नव्हतं.

आठ दिवसांत ती गोष्ट कारखानाभर झाली. हसणारे हसायचे थांबले. मशीनवरची पोरं आपापल्या घरातली खेळणी आणून भाऊंच्या हातात ठेवू लागली. भाऊ उलटं करून बघायचे, "नको, हे आहे माझ्याकडे," म्हणून परत द्यायचे, आणि देणारा डोळे पुसत जायचा. मी डब्यात बघून जेवायचो.

असं वर्षभर चाललं असेल. मग एका दुपारी पॅकिंगमधल्या एक बाई आमच्या टेबलाशी आल्या. त्या निफाडच्या, रोज बसने यायच्या. त्यांनी स्टीलच्या डब्यातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि भाऊंपुढे सरकवलं.

साळिंदर होतं. गळ्यात पेटी, पाठीवर काटे, त्यातला एक मोडका.

भाऊंनी ते उलटं केलं. नंबर बघितला. व्हर्नियर काढला. मोजलं, पुन्हा मोजलं. "अस्सल आहे," ते म्हणाले. "ताई, हे कुठून मिळालं?"

"आमच्या पोरीचं हाय. दुसरीला हाय ती. लय जीव तिचा त्याच्यावर, उशाशी घेऊनच झोपती. पण तिला म्हटलं, आमच्या भाऊंचं बाळ देवाघरी गेलं, ते त्याच्यासाठी खेळणी जमवत्यात. तर तिनंच काढून दिलं बघा. म्हणली, त्या बाळाला दे."

भाऊंनी साळिंदर रुमालात गुंडाळलं, अगदी जसं आलं होतं तसं. "मी रविवारी तुमच्या घरी येतो, ताई. मुलीला भेटायला." आणि मला म्हणाले, "तुम्हीपण चला."

रविवारी आम्ही निफाडच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा मागे पडत होत्या. अर्ध्या वाटेत मी कसंबसं म्हटलं, "भाऊ, ते बाळाचं... ते मी बोललो होतो."

"माहीत आहे," ते म्हणाले. "साहेबांनी मला त्याच आठवड्यात बोलावून घेतलं होतं. धीर दिला. तुमचं नावही घेतलं, चांगला मित्र आहे म्हणून."

"मग तुम्ही ते खोटं आहे असं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खोटे पडला असता."

मी मान खाली घातली. ते पुढे म्हणाले, "आणि लोक हसायचे थांबले होते ना. मलाही जरा बरं वाटलं. तिथे माझं चुकलं. मी तेव्हाच बोललो असतो तर त्या पोरीवर ही वेळ आली नसती."

म्हणजे माझ्या खोट्याचा अर्धा भार त्यांनी आपल्याकडे घेतला, बसच्या सीटवर, इतक्या सहज. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचा आयुष्यभर ऋणी राहिलो असतो.

बाईंच्या घरी चहा झाला. भाऊ अंगणात उकिडवे बसले आणि त्यांनी साळिंदर मुलीपुढे धरलं. "हे तुझं तुला. माझं बाळ वगैरे कुणी नव्हतंच. ते चुकून कुणीतरी सांगितलं."

मुलीने साळिंदर पटकन छातीशी धरलं. मग तिला शंका आली. "मग तुम्हाला कशाला पाहिजे होतं?"

"आवडतं म्हणून."

"मला पण," ती म्हणाली. तिने दुसरं काही विचारलं नाही. अकरा वर्षांत त्या उत्तराला मान डोलावणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं. मग दोघं बराच वेळ ते साळिंदर बघत बसले. मोडका काटा कसा मोडला हे तिने सांगितलं. यापुढे तिकिटाच्या पेटीवरचा रंग नखाने काढू नकोस, हे भाऊंनी सांगितलं. परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीशी बसून खुशीत होते. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?" तर म्हणाले, "वाटलं ना. फार वाटलं. पण बघायला तर मिळालं."

आता तुम्हाला वाटेल, गोष्ट मिटली. नाही मिटली. बाईंना वाटलं, पोरीने खेळणं परत घ्यावं म्हणून भाऊ खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी पॅकिंगमध्ये त्यांनी पदर डोळ्यांना लावून सांगितलं, "माणूस किती मोठ्या मनाचा हाय! पोरीसाठी सोताचं लेकरू नव्हतंच म्हणाला." खरं बोलून भाऊंनी माझं खोटं पक्कं केलं. मी तेव्हा उभा राहून एक वाक्य बोललो असतो तर भागलं असतं. उद्या बोलू, उद्या बोलू, असं म्हणत मी तीन वर्षं काढली.

तीन वर्षांनी भाऊ गेले. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत आटोपलं. सिडकोत त्यांच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, मग एकेक जण आदरांजली वाहायला उठला. शेजाऱ्यांनी सांगितलं, नळाचं पाणी आलं की भाऊ सगळ्या गल्लीला हाका मारायचे. पुतण्याने सांगितलं, भाऊंनी त्याला गणित शिकवलं. मग आमचे साहेब उठले. फार मनापासून बोलले. "आपल्या लहानग्याच्या आठवणीत या माणसाने एकेक खेळणं जपलं," असं म्हणाले. कंपनीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत वहिनी बसल्या होत्या. त्यांनी वळून आधी दिराकडे पाहिलं, मग पुतण्याकडे, मग माझ्याकडे.

जेवणाच्या पंगती बसायला लागल्या तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं. "भाऊजी, कुठलं लहानगं?" आवाज अगदी बारीक होता. "आम्हाला तर झालंच नाही. यांचं दुसरीकडे कुठे... तुम्ही रोज बरोबर होता, तुम्हाला माहीत असेल. मला खरं सांगा. मी काही बोलणार नाही कुणाला."

ज्या माणसाने दीड मिलिमीटर खोटं घरात ठेवलं नाही, त्याच्यावर त्याच्या बायकोने आज पहिल्यांदा शंका घेतली होती, आणि ती माझ्यामुळे. मी सगळं सांगितलं. साहेब, कँटीन, निफाडची बस, सगळं. वहिनी भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. रागावल्या नाहीत.

"हे तिथे सांगा," त्या म्हणाल्या. "लोक अजून आहेत. माईक चालू आहे."

मी गेलो. माईक हातात घेतला. समोर साहेब हात धुऊन पुसत होते, पॅकिंगच्या बाई होत्या, मशीनवरची सगळी पोरं होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, भाऊंचा जवळचा मित्र म्हणून.

"भाऊ फार चांगले होते," मी म्हणालो. "असा माणूस पुन्हा होणार नाही." आणि माईक खाली ठेवला.

वहिनी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. मी त्यांच्या समोरूनच बाहेर पडत होतो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "जेवून जा."

मी पंगतीत बसलो आणि जेवलो.